एकच रायफल सगळ्या जनावरांना चालते का हो?

मागच्या अंकात दुनळीची नळी कशी साफ ठेवायची ते लिहिलं होतं, वाटलं त्यावर प्रश्न येतील. आले, पण नळीबद्दल दोनच. बाकी सगळ्यांचं एकच, काका कोणती रायफल घेऊ. म्हणून हा महिना त्यालाच देऊन टाकला. मी वकील नाही, शिकारी तर नाहीच नाही, बंदूक दुरुस्तीवाला आहे, वडिलांचं दुकान होतं तिथेच हाताला तेल लागलं. एवढं धरून वाचा.

प्रश्न (मोर्शी): माझ्या साळ्याचा पोरगा टेक्सासात आहे, एच-वन-बी वर, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसावर, सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या ऑफिसातले लोक सुट्टीच्या दिवशी डुक्कर, हरीण मारायला जातात, याला पण जायचं आहे. म्हणतो एकच रायफल घेईन पण सगळ्याला चालली पाहिजे. युट्यूब पाहून तो सहा पॉइंट पाच क्रीडमूर म्हणते, मित्र थर्टी-ओ-सिक्स (.३०-०६) म्हणतात. इकडे कोणाला विचारणार, म्हणून तुम्हाला विचारून राहिलो.

उत्तर: भाऊ, रायफलीच्या आधी कागद. एच-वन-बीवाल्याला तिकडे साधारणपणे बंदूक बाळगताच येत नाही, पण तिथल्या कोणत्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असलं की येते, तेव्हा दुकानात जायच्या आधी ते काढायला सांगा. आणि २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला टेक्सासात हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, म्हणजे तुमच्या पोराला लागणारच. करू द्या, काही नुकसान नाही, उलट फायदाच आहे.

आता जनावरं. तिकडे त्याला भेटणार पांढऱ्या शेपटीचं हरीण, ते आपल्या चितळाएवढंच धरा, मग मोकाट रानडुकरं, आणि दक्षिण टेक्सासात गेला तर रोही, म्हणजे नीलगाय. हो, आपलीच रोही! १९२० ते ३० च्या दशकात तिकडच्या किंग रँचवर नेऊन सोडली, ती अशी वाढली की आता लोक पैसे मोजून मारायला जातात. इकडे आपण फुकटात नेऊन द्यायला तयार आहोत, असो.

या तिघांत रोहीचा नर २०० किलोच्या वर जाते आणि चिवट असते, म्हणून हिशोब तिच्यापासून लावायचा. बंदूक "सगळ्याला चालते" म्हणजे काय, तर सगळ्यात मोठ्या जनावराला पुरली पाहिजे, लहानाचं मांस नासवू नये, काडतूस गावातल्या दुकानात मिळावं, आणि चालवणाऱ्याला तिची भीती वाटू नये. या शेवटच्या गोष्टीकडे कोणी पाहतच नाही, सगळे आकडे पाहतात.

आकडे म्हणजे काय ते पण सांगून ठेवतो. ही सगळी काडतुसांची नावं, रायफल त्यावरूनच ओळखतात. .३०-०६ मधले ३० म्हणजे नळीचं भोक इंचात, आणि ०६ म्हणजे १९०६ साल, त्या साली अमेरिकन फौजेनं ते काडतूस घेतलं. .३०८ आलं १९५२ मध्ये, गोळीची जाडी तीच, फक्त पितळी पुंगळी आखूड, त्यामुळे रायफल थोडी आटोपशीर होते. क्रीडमूर तर परवाचं पोरगं, २००७ चं. गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात, आणि इथे आपल्या लोकांना एक सोपं पडते, जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. म्हणजे .३०-०६ ची नेहमीची जड गोळी ही आजीच्या हिशोबानं एक तोळ्याची, आणि ती सेकंदाला ८०० मीटरच्या वर वेगानं सुटते. हरणाला अन् डुकराला १५० ग्रेन भरपूर झाली, रोहीला तोळ्याची घ्यायची. तिकडची एल्क, मूस ही मोठाली हरणं पण याच तोळ्यानं पडतात, उद्या पोरगं उत्तरेकडे बदली होऊन गेलं तरी रायफल बदलायला नको. एकाच रायफलीतून नुसतं काडतूस बदलून एवढा पल्ला मिळतो म्हणून शंभर वर्षं लोक .३०-०६ ला धरून आहेत.

क्रीडमूर वाईट नाही. खांद्याला धक्का कमी, नेम सरळ जाते, हरीण-डुकराला एकदम चांगली. पण रोही म्हटल्यावर मी तरी तिच्यावर भरोसा नाही ठेवणार. मग कोणीतरी म्हणेल की बेल नावाच्या स्कॉटिश माणसानं आफ्रिकेत ७ मिलिमीटरच्या रायफलीनं शेकड्यांनी हत्ती पाडले. पाडले, खरं आहे. पण त्यानं मेलेल्या हत्तीची डोकी कापून आत मेंदू नेमका कुठं असते ते पाहिलं होतं, आपला पोरगा शनिवार-रविवारवाला आहे.

माझं मत .३०-०६, नाहीतर .३०८. साधी बोल्टची रायफल, म्हणजे दर गोळीला हातानं खिट्टी ओढायची, २२ इंच नळी, वर तीन ते नऊ पटीची दुर्बीण. रायफलीत पैसे वाचले तरी चालतील, दुर्बीण आणि तिच्या कड्या स्वस्तातल्या नको. नेम १०० यार्डावर दोन इंच वर बसेल असा लावायचा, मग २०० पर्यंत डोकं खाजवायची गरज नाही. ३०० वर तोळ्याची गोळी आठ-नऊ इंच खाली उतरते, आणि नवख्यानं ३०० वर मारूच नये.

अजून एक. नवीन माणूस धक्क्याला घाबरते की नाही ते मी असं पकडतो. रेंजवर त्याच्या मॅगझिनमध्ये न सांगता मधेच एक डमी, म्हणजे बिनदारूचं, काडतूस घालून देतो. घोडा ओढला, नुसता "टक" आवाज आला आणि नळी जर फुटभर खाली गेली, तर समजायचं हा गोळीच्या आधीच दचकून राहिला. एक भला दणकट पहेलवान गडी होता, .३७५ घ्यायचा म्हणून अडून बसला होता, त्याची नळी अशी खाली गेली की त्याचं त्यालाच हसू आलं. पोराला मित्राकडून हे करून घ्यायला सांगा. दचकत असेल तर हलकी रायफल घे म्हणा आणि रोहीचा नाद सोड म्हणा.

प्रश्न (मूर्तिजापूर): काका, माह्या वावरात रोह्यायचा कळप येते, तीसेक तरी असतीन, हरबऱ्याचे घाटे सफाचट करते. तुरीत डुक्करं घुसतात ते वायलंच. रातभर जागल करून करून जीव गेला. ओळखीचा एक दुकानदार म्हणते .३१५ घे, रोही बी पडते अन् डुक्कर बी पडते. घेऊ काय?

उत्तर: नका घेऊ. कारण सांगतो, थोडं लांबेल, पण बसा.

.३१५ ही काही वाईट रायफल नाही. ऑस्ट्रियाच्या फौजेच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावरून आलेली, इंग्रजांना आपल्या लोकांच्या हाती फौजेचं .३०३ काडतूस पडू द्यायचं नव्हतं, म्हणून असली वेगळी बोरं, म्हणजे नळीची मापं, इकडे चालली, आणि पुढं आपल्याच सरकारी कारखान्यात इशापूरला बनू लागली. आजही .३०३ आणि ७.६२ साध्या लायसन्सवर मिळत नाही, आणि वरच्या उत्तरातलं .३०८ हे ७.६२ चंच भावंड आहे, तेव्हा टेक्सासचं वाचून दुकानात ते मागू नका. .३१५ मिळते. गोळी २४४ ग्रेन, म्हणजे सव्वा तोळ्याच्याही वर, जड आणि जरा सुस्त, शे-सव्वाशे मीटरपर्यंत रोहीला पुरेल एवढी ताकद आहे. दुकानदार तेवढ्यापुरता खोटं नाही बोलून राहिला.

पण तुमचं वावर कुठं आहे? पूर्णेच्या खोऱ्यात. परातीसारखं सपाट. ना टेकडी, ना नाला, ना बांधावर धड झाड. रायफलीची गोळी जनावर चुकली तर तीन-चार किलोमीटर सहज जाते, आणि जनावराच्या अंगातून आरपार निघाली तरी पुढं जाते. तेवढ्या अंतरात तुमच्याकडे किती गावं, किती गोठे, किती जागले झोपलेत ते मोजा. डोंगरात गोळी मातीत जिरते, तुमच्याकडे ती कुठं जिरणार?

माझ्यावरच गुदरलेलं सांगतो. मामाच्या वावरात डुकरांनी भुईमूग उकरला होता, वनखात्याचा परवानगीचा कागद होता, मी बारा बोर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, घेऊन मचाणावर. रात्री दीड-दोनचा टाइम. धुऱ्याकडे खसखस झाली, मामेभावानं बॅटरी मारली, चाळीसेक पावलांवर दोन डोळे, एकदम हिरवट चमकले. तो कानात म्हणते "मार, मार". माझा अंगठा घोड्यावर होता, बोट पण गेलं होतं. पण वाटलं, एवढे चमकतात कसे? डुकराचे डोळे बॅटरीत असे पेटत नाहीत राजेहो, गाईम्हशीचे पेटतात, कुत्र्याचे पेटतात, रोहीचे पेटतात. डुकराचे जेमतेम लुकलुकतात. थांबलो. तर शेजाऱ्याचं कालवड होतं, दावं तोडून आलेलं, आणि त्याच्या मागं दहा पावलांवर त्याला शोधत आलेला शेजारी स्वतः, डोक्यावरून घोंगडी घेऊन. हातात बारा बोर होती म्हणून निदान चाळीस पावलांचाच हिशोब होता. रायफल असती तर कालवडीतून आरपार निघून... जाऊ द्या. त्या रात्री मी मचाणावरून उतरलो ते सकाळी चहा पिऊनच बोललो.

आता कायदा. हत्यार कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक राखायला ठासणीची बंदूक सांगितली आहे, आणि तिनं भागत नाही असं लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर २० इंच किंवा त्याहून लांब गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोर. पिकासाठी रायफल हा विषय त्यात नाही. आणि लायसन्स मिळालं म्हणजे मारायला मोकळे झालो असं तर अजिबात नाही, इथेच लोक फसतात. लायसन्स बंदुकीचं असते, जनावराचं नाही. रोही आणि रानडुक्कर दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्ट दोनमध्ये. पिकाचं नुकसान असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळू शकते, ती आधी वनखात्याकडून हातात यावी लागते. "अर्ज दिला होता" याला काही अर्थ नाही. आणि परवानगीनं मारलं तरी जनावर सरकारचं. मटणाचा वाटा घरोघर गेला की तुम्ही आरोपी, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

व्हॉट्सॲपवर फिरते की डुक्कर आता उपद्रवी घोषित झालं, कोणीही मारा. ते २०१५-१६ मध्ये उत्तराखंडात डुकरासाठी आणि बिहारमध्ये रोहीसाठी झालं होतं, ठराविक जिल्ह्यांत, ठराविक मुदतीसाठी. तो फोटो अजून फिरून राहिला.

मग बारा बोरनं काम होते का? डुकराला होते, पण जवळून. एलजीचं काडतूस, त्यात मोठे सहा छर्रे, ३०-३५ मीटरच्या आत. त्यापुढं छर्रे फाकतात, एखादा मागच्या पायात बसते, आणि जखमी डुक्कर तुरीत जाऊन बसते. सकाळी त्याच तुरीत निंदायला बाया जातात. हे डोळ्यासमोर ठेवून घोडा ओढायचा की नाही ते ठरवा. पाखरांचे बारीक छर्रे डुकरावर मारणारे महाभाग पण आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. आणि रोहीला बारा बोरच्या छऱ्यांनी मारायला जाऊ नका, ती मरत नाही, चार दिवस कुजत फिरते. रोहीचा बंदोबस्त हे रायफल असलेल्या, सराव असलेल्या, खात्यानं नेमलेल्या माणसाचं काम आहे, ते पण मागं मातीचा आडोसा असेल अशा जागी.

तुम्ही .३१५ आणि दुर्बीण मिळून जेवढे पैसे घालणार, त्यात सोलरच्या झटका मशीनचं कुंपण किती एकरांना होते ते आधी विचारून या. झटका म्हणजे झटकाच हां, क्षणभर ठोका देऊन सोडणारा. खांबावरून आकडा टाकून तारेत सरळ करंट सोडणं म्हणजे खून आहे, त्यात वाघापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे मेलेत आपल्याकडे.

प्रश्न (पवनी): आमचे आजोबा मालगुजार होते, त्यांची .३७५ ची विलायती रायफल वडिलांच्या लायसन्सवर आहे. वडील ७८ वर्षांचे. माझ्या नावावर होईल का? सोबत जुन्या काडतुसांचा एक डबा पण आहे, पितळ अजून चमकते.

उत्तर: होईल. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये वारसाची सोय आहे. लायसन्सवाला वारल्यावर तर करता येतेच, पण तो सत्तरीचा झाला असेल किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असेल तर त्याच्या हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावानं अर्ज करता येते. वडील आहेत, सही करू शकतात, तोपर्यंत करून घ्या. मागाहून सगळ्या भावाबहिणींची संमती गोळा करत फिरणं काय असते ते माझ्या दुकानात येणाऱ्या लोकांना विचारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच हत्यारं ठेवता येतात, हे पण ध्यानात ठेवा.

रायफलीबद्दल. .३७५ म्हटलं की सगळे हॉलंड अँड हॉलंडचं १९१२ चं मॅग्नम धरतात, ३०० ग्रेनची गोळी, आफ्रिकेत रानरेडे आणि हत्तीसाठी नावाजलेली. पण .३७५ नावाची काडतुसं एकाहून जास्त आहेत, त्याआधीचं काठवाली पुंगळी असलेलं पण एक आहे, आणि एकाचं दुसऱ्यात घालायचं नसते. नळीवर काय कोरलंय आणि पुंगळीच्या बुडावर काय छापलंय ते भिंगानं वाचा, दोन्ही जुळलं पाहिजे. काडतुसं चमकतात म्हणजे चांगली आहेत असं नाही. त्या काळची कॉर्डाइट दारू आणि टोपीतला मसाला, एक तर फुसका बार होते, नाहीतर वाजल्यावर आतून नळी खाते. वाजवूच नका.

तुम्ही हे विचारलं नाही पण सांगतो, आपल्याकडे त्या रायफलीला आता काहीच काम नाही. १९७२ च्या कायद्यानं शिकारीला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीनं ती बंदच झाली, आणि रानडुकराला .३७५ म्हणजे माशीला मुसळ. आजोबांची आठवण म्हणून ठेवायची असेल तर वारसा हत्यार म्हणून काडतुसांशिवायचं लायसन्स मिळते, ते पहा. वर्षातून दोनदा तेल द्या, फ्लॅनेलच्या कापडात ठेवा, चामड्याच्या केसमध्ये कायमची ठेवू नका. चामडं ओल धरते, आणि पवनीकडची धानाची हवा काय असते ते तुम्हाला सांगायला नको. मी एक अशीच दुनळी उघडली होती, बाहेरून आरसा आणि आतून चाळणी.

प्रश्न (चिमूर): एअरगनला लायसन्स लागत नाही म्हणतात, तर वांदरं हाकलायला घेतली तर चालेल ना? ससा-तितर पण होईल.

उत्तर: .१७७ इंच भोकाची, २० ज्यूल ताकदीच्या आतली असली तर लायसन्स लागत नाही, बरोबर. पण वांदराला, सशाला, तितराला मारलं तर गुन्हा तोच, एअरगननं मारा की गोफणीनं. वांदरांसाठी फटाके लावा, कुत्रं पाळा. टिनाच्या डब्यावर नेम शिकायला मात्र एअरगनसारखी वस्तू नाही. वरच्या टेक्सासवाल्या पोराला पण हाच सल्ला.

प्रश्न (लाखांदूर): बारा बोरची जुनी काडतुसं पावसाळ्यात फुगली, चेंबरमध्ये पूर्ण जात नाहीत. एक लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकून अर्धं आत गेलं, आता ना पुढं जाते ना मागं येते. काय करू?

उत्तर: आधी हातोडी घरात ठेवा!

बंदूक उघडीच राहू द्या, बंद करायचा प्रयत्न करू नका, नळी घराकडे, गोठ्याकडे, कोणाकडेच नको. बुडाच्या टोपीला कशाचाही धक्का लागू द्यायचा नाही, चिमटा नाही, स्क्रू-ड्रायव्हर नाही. पुढून काठी घालून मागं ढकलायचं तर डोक्यातही आणू नका. तुमच्या भागातला लायसन्सवाला दुरुस्तीवाला आधी फोनवर गाठा, तो म्हणेल तसं करा, जमलं तर त्यालाच घरी बोलवा. उरलेली फुगलेली काडतुसं डीलरकडे जमा करून नोंद करून घ्या, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका. नवीन घेताना तुमच्या नळीवर ६५ आहे की ७० (काडतुसाची लांबी, मिलिमीटरमध्ये) ते वाचून घ्या, ६५ च्या चेंबरला ७० चं काडतूस घालायचं नसते, बसल्यासारखं वाटते तरी.

माझ्याकडेच आणायची असेल तर लायसन्सचं पुस्तक सोबत घेऊन या, आणि बुधवारी नका येऊ, बाजार असते, दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसते.